ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं का?

कामाच्या ठिकाणी समाजमाध्यमांचा वापर : एक छोटा अभ्यास

मंडळाच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेक जण येत्या दोन-चार वर्षांत कुठे ना कुठे नोकरीला लागाल. नेमणुकीचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी, कधी कधी त्याच्याही आधी, तुम्हाला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं जाईल. कामाची वेळ, रजेचे नियम, पगाराची तारीख हे कुणीतरी समजावून सांगतं. ग्रुपवर काय लिहायचं, काय नाही, आणि तिथे आलेल्या सूचनेला किती वजन द्यायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

मी मंडळाचा जुना सभासद. शिक्षण संपल्यावर उज्जैनला घरी परतलो. आमचं घर फ्रीगंजमध्ये आहे, आणि तिथल्याच औषधांच्या एका होलसेल ऑफिसात मी हिशेब आणि ऑर्डरी बघतो. त्यामुळे या लेखात पुस्तकी माहितीबरोबर रोजचा अनुभवही येईल.

साधनं कोणती?

समाजमाध्यमं म्हटलं की आपल्याला जाहिरात, रील, फॉलोअर आठवतात. पण त्यांचा एक आतला उपयोगही आहे : एकाच संस्थेतल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं. यासाठी खास साधनंही निघाली. एक गेम तयार करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या लोकांसाठी केलेल्या गप्पांच्या साधनातून ‘स्लॅक’ जन्मलं आणि 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. फेसबुकने 2016 मध्ये ‘वर्कप्लेस’ आणलं, आणि 2024 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांत मायक्रोसॉफ्टचं ‘टीम्स’ चालतं.

आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत, दवाखान्यांत आणि छोट्या ऑफिसांत मात्र यातलं काहीच नसतं. तिथे असतं व्हॉट्सॲप. कारण साधं आहे : ते आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, वेगळे पैसे पडत नाहीत आणि शिकवावं लागत नाही. याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंदूरहून निघालेला माल कुठे अडकलाय हे फोटोसकट दोन मिनिटांत कळतं. गोडाऊनमधला मुलगा आणि मालक एकाच ठिकाणी बोलतात. ज्याला लिहायचा कंटाळा आहे तो आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. घोटाळा होतो तो पुढे.

एक उदाहरण

आमच्या ऑफिसात मालकासकट 19 माणसं. ग्रुपचं नाव ‘ऑफिस फॅमिली’. मराठी घरातले आम्ही तिघे, बाकी सगळे हिंदी आणि माळवी बोलणारे, म्हणून ग्रुपची भाषा हिंदी.

श्रावणातल्या दर सोमवारी महाकालाची सवारी निघते. दुपारनंतर जुन्या शहरातले रस्ते बॅरिकेड लावून बंद होतात. फ्रीगंज रेल्वेरुळांच्या एका बाजूला आणि जुनं शहर दुसऱ्या बाजूला, त्यामुळे पलीकडचा माल सकाळीच गेला पाहिजे, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. अशाच एका रविवारी रात्री 10.40 ला मॅनेजरने ग्रुपवर टाकलं : ‘कल सवारी है, सब लोग ध्यान रखना.’ त्याच्या खाली सकाळपर्यंत शिवपिंडीचे फोटो, दोन सुविचार आणि एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा साठल्या.

आमच्याकडे डिलिव्हरी करणारे एक काका आहेत, पन्नाशी उलटलेले. त्यांचा नेटपॅक शनिवारीच संपला होता. सोमवारी नेहमीप्रमाणे ते जेवणानंतर इन्सुलिनची पेटी घेऊन निघाले आणि गोपाल मंदिराच्या अलीकडे अडकले. इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. ते पोचेपर्यंत पेटीतले जेल पॅक वितळले होते. दुकानदाराने माल परत केला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकच वाद. मॅनेजरचं म्हणणं, ‘ग्रुप पर डाला था ना!’ काकांचं म्हणणं, ‘साब, मेरे तक पहुँचा ही नहीं.’ नुकसान त्यांच्या पगारातून कापायचं ठरत होतं. महिन्याचा निम्मा पगार गेला असता.

वाद मिटला तो कागदामुळे. आमच्याकडे प्रत्येक मालाबरोबर डिलिव्हरी चलान निघतं आणि त्यावर वेळ छापलेली असते. त्या चलानावर दुपारचे 1.10 होते. म्हणजे रात्री सूचना देणाऱ्या ऑफिसनेच दुसऱ्या दिवशी दुपारी माल त्यांच्या हातात दिला होता, आणि त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. मालकांनी चलान पाहिलं आणि पगाराला हात लावला नाही.

पाठवणं, पोचणं, समजणं, नोंदणं

या उदाहरणातून एक गोष्ट नीट दिसते. ‘कळवलं’ या एका शब्दात चार वेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत, आणि ग्रुप त्यातली फक्त पहिली नक्की करतो.

निरोप पोचला का, याचा पुरावा म्हणून आपण टिकांकडे पाहतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं, कारण ती नुसती पोचली नव्हती, उघडलीही गेली होती हे खुणांवरून दिसत होतं. पण तिथे एका माणसाला एक नोटीस गेली होती. 19 जणांच्या ग्रुपमध्ये टिका निळ्या झाल्या की नाही हे बघत कोण बसतं? शिवाय निळी टीक बंदही ठेवता येते. आणि उघडलं म्हणजे समजलं, असंही नाही.

आता ‘समजणं’ पाहू. ‘सब लोग ध्यान रखना’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण त्यात काम कुठे आहे? कुणी, काय, किती वाजेपर्यंत करायचं? गोडाऊनने माल लवकर काढायचा, की डिलिव्हरीवाल्याने लवकर यायचं? ‘सब लोग’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. काकांनी हा निरोप वेळेवर वाचला असता तरी माल 1.10 लाच निघाला असता, कारण चलान काढणं त्यांच्या हातात नव्हतं.

चौथी क्रिया नोंदीची. मराठी कारभाराला हिचं महत्त्व फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ग्वाल्हेरला जाण्याआधी शिंद्यांची राजधानी आमचं उज्जैन होतं, आणि त्यांचा कारभार मोडी पत्रांवर चाले. त्या काळच्या पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब’ असे, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी भर घालू नये. आल्यागेल्या कागदांच्या नोंदीला ‘बारनिशी’ म्हणत, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत हा शब्द आजही आवक-जावक नोंदीसाठी वापरतात. उलट व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि जवळपास अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकता येतो. गप्पांसाठी ही सोय चांगली आहे. पण ज्या निरोपावरून कुणाचा पगार कापला जाऊ शकतो, त्याला मोर्तब हवंच.

फोन कुणाचा, वेळ कुणाची?

ऑफिसचा ग्रुप चालतो तो बहुतेक वेळा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्याच नेटपॅकवर. म्हणजे कामाचं एक साधन आपण त्याच्याकडून फुकट घेतो आणि ते चाललं नाही तर दोषही त्यालाच देतो. साधन वरून दिलं तरी प्रश्न सुटतोच असं नाही. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते आठवा. फोन कमी क्षमतेचे होते, सारखे तापत आणि बिघडत होते, आणि ज्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर माहिती भरायची ते इंग्रजीत होतं. काम करायला त्यांची ना नव्हती. वापरणाऱ्या बाईचा हात आणि भाषा न बघता साधन दिलं गेलं, ही त्यांची तक्रार होती.

दुसरा प्रश्न वेळेचा. रात्री 10.40 ला आलेली सूचना वाचणं हे काम आहे की नाही? फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून बाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियात तो 2024 मध्ये लागू झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि 2025 मध्ये पुन्हा मांडलं. तसा कायदा अजून झालेला नाही. तोपर्यंत हा प्रश्न प्रत्येक ऑफिसने आपापसात बोलूनच सोडवायचा आहे.

नियम काय सांगतात?

नोकरी सरकारी असेल तर एक गोष्ट माहीत हवी. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला. कार्यालयातल्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला त्यात मुभा आहे. मात्र वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची आहेत आणि गोपनीय कागद परवानगीशिवाय पाठवायचे नाहीत.

ग्रुपचे ॲडमिन होणाऱ्यांसाठीही एक निकाल महत्त्वाचा आहे. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. सदस्य घेणं आणि काढणं एवढाच अधिकार ॲडमिनकडे असतो, असं न्यायालयाने तेव्हा नमूद केलं. कायद्याची भीती अशी कमी झाली, तरी ग्रुपला वळण लावणं हे ॲडमिनचंच काम आहे.

आणि सगळा कारभार एकाच साधनावर टाकू नये. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा खुद्द त्या कंपनीतली अंतर्गत साधनंही बंद होती. दुरुस्ती करणाऱ्यांनाच एकमेकांशी बोलणं अवघड झालं होतं.

आम्ही काय बदललं?

त्या सोमवारनंतर आमच्या ऑफिसात एक बैठक झाली. ठरलं ते असं :

1. ग्रुप दोन. ‘सूचना’ ग्रुपवर फक्त कामाचं लिहायचं. शुभेच्छा, देवाचे फोटो, गप्पा जुन्या ‘फॅमिली’ ग्रुपवर.
2. प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी : कुणी, काय, कधीपर्यंत.
3. वाचल्यावर अंगठा नको, स्वतःचं नाव लिहायचं. ज्याचं नाव आलं नाही त्याला फोन करायचा, आणि ही जबाबदारी सूचना देणाऱ्याची.
4. रात्री 8 नंतर ग्रुपवर सूचना नाही. खरंच निकड असेल तर फोन.
5. पैसे, रजा, वेळापत्रक यांचा निर्णय दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये आणि फळ्यावर. वाद झाला तर रजिस्टर बघायचं.
6. गिऱ्हाइकाच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. तो दुसऱ्याच्या आजाराचा कागद आहे.
7. कौतुक ग्रुपवर, चूक दाखवायची ती एकट्याला.

शेवटचा नियम पाळायला सगळ्यात कठीण गेला. समोर बोललेला रागाचा शब्द हवेत विरतो. ग्रुपवर लिहिलेला शब्द 19 फोनांत राहतो, आणि ज्याला उद्देशून लिहिला तो घरी मुलांसमोर पुन्हा पुन्हा वाचतो. हाताखालच्या माणसाला तिथे उत्तर देता येत नाही आणि ग्रुप सोडताही येत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्रीचा नियम सणाच्या दिवसांत मोडतो. पण पुढच्या श्रावणात जी सूचना गेली ती अशी होती : ‘सोमवार को पुराने शहर का माल 10 बजे तक गोदाम से निकलेगा, 11 बजे तक गाड़ी रवाना. चालान रात को ही बनेंगे. पढ़कर अपना नाम लिखें.’ काकांचं नाव त्याखाली नव्हतं, म्हणून त्यांना फोन गेला. माल वेळेत पोचला.

मंडळासाठी एक अभ्यास

आपण भाषेची माणसं. कथा-कविता वाचताना आपण कर्ता कोण, काळ कोणता, न सांगितलेलं काय, हे शोधतो. तीच नजर रोजच्या निरोपावर लावून बघा. मंडळाच्या स्वतःच्या ग्रुपवरचे शेवटचे 20 कामाचे निरोप काढा. प्रत्येकापुढे लिहा : कुणी करायचं ते सांगितलंय का? वेळ दिली आहे का? तो निर्णय ग्रुपशिवाय आणखी कुठे लिहिलेला आहे का? आणि ज्याच्याकडे त्या दिवशी नेट नव्हतं, त्याला तो कुणी सांगितला? उत्तरं घेऊन पुढच्या बैठकीला बसा. मंडळाचा ग्रुप कसा चालवायचा याचे पाच-सात नियम त्यातूनच निघतील. ते तुमच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांनाही सापडतील.