बदामाची सत्ती

मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात खेळला नाही असा विद्यार्थी विरळाच. ज्याच्याकडे बदामाची सत्ती असेल त्याने ती आधी टाकायची, मग खेळ सुरू. ब्रिजमध्ये मात्र सत्तीला कोणी विचारीत नाही. एक्का, राजा, राणी आणि गुलाम यांचा तेथे मान. सत्ती म्हणजे भरतीचे पान. तरीही अशाच एका सत्तीवर आमचा एक डाव तरला असता, आणि माझ्या घाईमुळे तो बुडाला. तोच डाव आज तुमच्यासमोर मांडणार आहे. पत्त्यांचा एक जोड घेऊन बसा. वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या तर हा गणिताचा अभ्यास आहे, असे खुशाल सांगा. ते खोटे ठरणार नाही. शिवाय २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या आपल्या खेळाडूंनी मिळवले. सांघिक कांस्यपदक मिळवणाऱ्या चमूत मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. हेही सांगता येईल.

तर गोष्ट गिरगावातल्या एका चाळीतली. गणपतीच्या जागरणाची रात्र होती. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. गॅलरीत चटई टाकून आम्ही चौघे बसलो होतो. माझे भिडू म्हणजे तळमजल्यावरचे अण्णा. छापखान्यात कंपॉझिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. खेळताना ते बोलत नसत. डाव संपल्यावर एकच प्रश्न विचारीत, आणि तो प्रश्न आठवडाभर डोक्यात राही.

डाव पाहण्यापूर्वी बोलीची ओळख करून घेऊ. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. प्रत्येकाला १३ पाने मिळतात आणि १३ हात खेळले जातात. किती हात करणार आणि हुकूम कोणता, हे खेळापूर्वीच बोलीने ठरते. बोलीत जो आकडा असेल त्यात ६ मिळवायचे. म्हणजे ‘१ इस्पिक’ याचा अर्थ, इस्पिक हुकूम असेल तर आम्ही ७ हात करू. ‘४ इस्पिक’ म्हणजे १० हात. रंगांची चढती भाजणी अशी : किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकमी. ५ प्रकार आणि १ ते ७ आकडे, मिळून ३५ बोल्या. याखेरीज पास, डबल आणि रिडबल हे तीन शब्द. याहून एक अक्षरही बोलायला परवानगी नाही.

आता गंमत पाहा. ५२ पानांतून १३ पाने निवडण्याचे प्रकार ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० इतके आहेत. एवढ्या प्रचंड संख्येतले आपले नेमके चित्र भिडूला कळवायचे, तेही ३५ बोल्यांतून. आणि त्यात आणखी एक अट : प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. चाळीचा जिना चढता येतो, पण येथे उतरता येत नाही, असे समजा. म्हणून प्रत्येक पायरी जपून वापरावी लागते.

ही काटकसर सर्वांत जास्त कोठे लागते? हातात दोन लांब रंग असतात तेव्हा. समजा, तुमच्याकडे इस्पिकची ५ आणि बदामाची ५ पाने आली. अशी ५-५ पाने शंभर डावांत सरासरी चार वेळा येतात. तुम्हाला दोन्ही रंग सांगायचे आहेत. आधी कोणता सांगाल?

बदाम आधी सांगून पाहू. तुम्ही ‘१ बदाम’ म्हणालात. भिडू ‘१ बिनहुकमी’ म्हणाला, म्हणजे आपली पाने बेताचीच आहेत असे त्याने सुचवले. तुम्ही ‘२ इस्पिक’ म्हणालात. आता भिडूला बदाम बरे वाटत असतील तर त्याला ‘३ बदाम’ म्हणावे लागेल, कारण २ बदाम ही पायरी मागे पडली. उलट क्रम घ्या : आधी ‘१ इस्पिक’, नंतर ‘२ बदाम’. बदाम हवे असतील तर भिडू पास म्हणेल. इस्पिक हवे असतील तर ‘२ इस्पिक’ म्हणेल. दोन्हीही वेळा तुम्ही ८ हातांवरच थांबता. पहिल्या क्रमाने ९ हात करावे लागले असते. पाने तीच, भिडू तोच, केवळ दोन शब्दांचा क्रम बदलला आणि एक हात अंगावर आला! म्हणून समान लांबीचे पाच-पाच पानी रंग असले की वरचा रंग आधी सांगावा असा प्रघात आहे. लांबी कमीअधिक असेल तर लांब रंग आधी. इस्पिक आणि किल्वर अशी जोडी आली तर काय करावे, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. त्या वादात आपण शिरणार नाही.

आता तो डाव. मी दक्षिणेला, अण्णा उत्तरेला.

दक्षिण : इस्पिक राजा, गुलाम, १०, ८, ५, बदाम एक्का, राजा, ७, ६, ३, चौकट ४, किल्वर ८, २.
उत्तर : इस्पिक राणी, ९, ४, बदाम ५, २, चौकट एक्का, ९, ६, ५, किल्वर गुलाम, ९, ६, ३.
पश्चिम : इस्पिक एक्का, ६, २, बदाम राणी, १०, ९, ४, चौकट १०, ७, किल्वर एक्का, राजा, ७, ५.
पूर्व : इस्पिक ७, ३, बदाम गुलाम, ८, चौकट राजा, राणी, गुलाम, ८, ३, २, किल्वर राणी, १०, ४.

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण धरण्याची रीत आहे. माझे गुण ११ होतात. बोली सुरू करायला एरवी १२-१३ गुण लागतात. पण गुणांत सर्वांत लांब अशा दोन रंगांची लांबी मिळवून बेरीज २० वा अधिक झाली तर बोलायला हरकत नाही, असा एक उपयुक्त अडाखा आहे. येथे ११ + ५ + ५ = २१. मी ‘१ इस्पिक’ म्हणालो. अण्णा ‘२ इस्पिक’. मग मी ‘३ बदाम’ म्हणालो, म्हणजे माझा दुसरा रंग बदाम, तेथे काही मदत करता येईल का, अशी विचारणा केली. अण्णांकडे बदामाची दोनच फुटकळ पाने होती. तरी ते ‘४ इस्पिक’ म्हणाले. का, ते मला त्या वेळी कळले नाही!

पश्चिमेने किल्वरचा एक्का आणि राजा खेळून दोन हात घेतले आणि मग चौकटीची दश्शी उतरली. भिडूची पाने आता खाली मांडलेली होती; मी डमीच्या एक्क्याने तो हात घेतला. राहिलेल्या १० हातांपैकी मला ९ हवे होते. हुकमाचा एक्का बाहेर होता, तो जाणारच. त्यापलीकडे एकही हात गमावून चालणार नव्हते.

विरोधकांचे हुकूम आधी काढून टाकावेत, असे मला कोणीतरी शिकवले होते. मी डमीची इस्पिकची राणी खेळलो. पश्चिमेने एक्क्याने हात घेतला आणि पुन्हा इस्पिकच उतरले. मी तिसऱ्यांदा हुकूम काढले, सर्वांचे संपले, डमीचेही संपले. मग बदामाचा एक्का, राजा. तिसरा बदाम पश्चिमेला गेला, चौथाही गेला. मधल्या दोन उताऱ्या मी हुकमाने मारल्या. शेवटचा हात माझ्या बदामाच्या सत्तीने घेतला खरा, पण तो आमचा आठवा हात होता. डाव दोन हातांनी बुडाला.

अण्णांनी पाने गोळा करता करता विचारले, “अरे, माझे तीन हुकूम तू कशाला खर्च केलेस?”

आता डाव पुन्हा मांडा. पश्चिमेने चौकट उतरली येथपर्यंत आणा. (खरे म्हणजे चूक पश्चिमेचीही झाली. मी ‘३ बदाम’ म्हणालो ते त्यानेही ऐकले होते आणि त्याच्या हाती चार बदाम होते. तेव्हाच त्याने हुकमाचा एक्का आणि मागोमाग दुसरा हुकूम खेळायला हवा होता. डमीत एकच हुकूम उरला असता आणि मला एक हात कमीच पडला असता. बोलीतून मिळणारी माहिती चौघांनाही मिळते, हे विसरू नये.)

डमीतून बदामाची दुर्री खेळून एक्का घ्या, मग राजा. तुमच्याकडे ७, ६ आणि ३ ही तीन बदाम उरली. डमीचे बदाम संपले, पण हुकूम तीन शाबूत आहेत. तेव्हा बदामाची लहान पाने डमीच्या हुकमाने मारायची, विरोधकांचे बदाम संपवायचे आणि हुकूम काढण्याचे काम त्यानंतर. याला किती भरवसा? मोजू या.

तुमच्याजवळ आणि डमीत मिळून ७ बदाम आहेत. ६ बाहेर आहेत. बाहेरच्या २६ पानांतून पश्चिमेची १३ पाने निवडण्याचे प्रकार १,०४,००,६००. यांपैकी बदाम ३-३ असे वाटले जाण्यासाठी ६ बदामांतून ३ निवडायचे, त्याचे २० प्रकार. आणि उरलेल्या २० पानांतून १० निवडायची, त्याचे १,८४,७५६ प्रकार. गुणाकार ३६,९५,१२०, म्हणजे शेकडा ३५.५. याच रीतीने ४-२ वाटणीचे प्रकार ५०,३८,८०० येतात, म्हणजे शेकडा ४८.४. (चार बदाम पश्चिमेकडे किंवा पूर्वेकडे असू शकतात, म्हणून दुप्पट करायला विसरू नका.) ५-१ वाटणी शेकडा १४.५ आणि ६-० केवळ १.५.

पुष्कळांना वाटते की, ६ पाने ३-३ अशी सारखी वाटली जाणे हेच सर्वांत स्वाभाविक. तसे नाही. ४-२ ही वाटणी अधिक वेळा येते. मात्र सहा नाणी उडवली तर तीन छाप-तीन काटा येण्याची शक्यता २०/६४, म्हणजे शेकडा ३१ च असते. पत्त्यांत ती ३५.५ आहे. हा फरक का? नाण्याला आधीचे काही आठवत नाही. पण पश्चिमेकडे तीन बदाम गेले की त्याच्या हातात १०च जागा उरतात, पूर्वेकडे १३ मोकळ्या असतात. पुढचा बदाम पूर्वेकडे जाण्याचा संभव थोडा वाढतो. जागा मर्यादित असल्या की वाटणी समतोलाकडे किंचित झुकते.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. ६ बदाम आणि इतर २० अशी २६ पाने घ्या, नीट पिसा, १३-१३ वाटा आणि बदाम कसे पडले ते लिहा. ३० विद्यार्थ्यांनी दहा-दहा वेळा केले की ३०० नोंदी होतात. पिसण्यात आळस केला की आकडे बिघडतात. माझ्या एका वर्गात ते पहिल्या खेपेला बिघडलेच.

तर ३-३ आणि ४-२ मिळून शेकडा ८४. या दोन्ही वाटण्यांत बदाम वठतात : ३-३ असेल तर एकदा मारून, ४-२ असेल तर दोनदा मारून. मात्र आधी एकदा जरी हुकूम खेळलात आणि पश्चिमेने एक्क्याने घेऊन परत हुकूमच उतरला, तर डमीत एकच हुकूम उरेल आणि तुमची भिस्त केवळ ३५.५ वर येईल.

पुढे चला. बदामाची तिर्री खेळा. डमीतून कोणता हुकूम टाकाल? हात चव्वीकडे जातो, कारण मोठे पान खर्चायला जिवावर येते. पण पूर्वेचे बदाम संपले आहेत आणि त्याच्याकडे इस्पिकची सत्ती आहे. तो चव्वीवर सत्ती मारील आणि डाव बुडेल. नव्वी टाका. बाहेरच्या हुकमांत नव्वीच्या वर एक्काच आहे. मग डमीतून चौकटीची पंजी खेळून ती आपल्या इस्पिकच्या पंजीने मारा. आता बदामाची छक्की, तिच्यावर पश्चिमेची राणी पडते. डमीची इस्पिकची राणी टाकून तो हातही घ्या. बाहेर एकही बदाम उरलेला नाही.

हुकूम काढायची वेळ आता आली. डमीची इस्पिकची चव्वी खेळा, आपल्याकडून दश्शी टाका. पश्चिम एक्क्याने घेईल. गमावलेला हा तिसरा आणि शेवटचा हात. तो किल्वर उतरेल, ते अठ्ठीने मारा. मग राजा, मग गुलाम. विरोधकांचे पाच हुकूम ३-२ असे आहेत (ही वाटणी शेकडा ६८ वेळा मिळते, ४-१ असते तर मात्र कठीण होते), त्यामुळे या दोन फेऱ्यांत ते संपतात. तुमचे ९ हात झाले. तुमच्याजवळ एकच पान आहे, आणि पश्चिमेचे हात तर त्याच्या हातातल्या किल्वरकडे पाहत थबकले आहेत. बदामाची सत्ती टाका. हा दहावा.