गुणांआधी कच्चं काम बघा

शिष्यवृत्तीची परीक्षा आता चौथीला की पाचवीला, यावरून भंडारा जिल्ह्यातल्या पालकांत सध्या बराच गोंधळ आहे, आणि तो साहजिक आहे. राज्यात ही परीक्षा १९५४-५५ पासून होते. आजच्या आईबाबांनी ती चौथीत नि सातवीत दिली. २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला गेली. आता शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचं ठरवलं, आणि २०२५-२६ हे बदलाचं वर्ष असल्यामुळे त्या एका वर्षापुरती चारही इयत्तांना संधी ठेवली. यापुढे ज्यांची मुलं तिसरीत किंवा सहावीत आहेत, त्यांनी पुढच्याच वर्षी परीक्षा आहे हे धरून चालावं.

परीक्षा एक वर्ष अलीकडे आली म्हणजे अभ्यास दुप्पट करायला हवा, असा अर्थ पालक काढू लागले आहेत. तुमसर, साकोलीसारख्या गावांत शिकवणीच्या चौकशा तिसरीपासूनच सुरू होतात, आणि नागपूर साठ किलोमीटरवर असल्याने तिकडच्या वर्गांच्या जाहिराती इथवर पोचतात. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला रोज एक सराव प्रश्नपत्रिका सोडवायला लावणं ही गणिताची तयारी नाही. त्या वयात मुलाला काय येत नाही हे शोधणं आणि तेवढंच नीट शिकवणं, ही तयारी आहे. ती करायला घरात गणिताचा पदवीधर असावा लागत नाही.

आधी परीक्षेची रचना बघू. पाचवी-आठवीसाठी आजवर ती अशी राहिली: पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी माध्यमाला इंग्रजीचे, २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, प्रत्येक पेपरला दीड तास, एकूण ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शिष्यवृत्तीच्या यादीसाठी विचार व्हायचा तर प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के लागतात. प्रश्नांची काठिण्यपातळीही ठरलेली आहे: ३० टक्के सोपे, ४० टक्के मध्यम, ३० टक्के कठीण. पालकांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा. गणिताच्या ५० प्रश्नांपैकी ३५ प्रश्न सोपे किंवा मध्यम असतात. पाठ्यपुस्तक नीट समजलेल्या मुलाच्या ते आवाक्यात आहेत. तरी घरोघरी धडपड चालते ती उरलेल्या १५ प्रश्नांसाठी, आणि गुण जातात ते या ३५ मध्ये.

ते कसे जातात, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. तिथे फक्त काळा गोल दिसतो. ते कळतं कच्च्या कामावरून. ५००२ मधून १८७६ वजा करा, असा प्रश्न आहे. मूल ४८७४ लिहितं. आपण म्हणतो, "लक्ष नाही याचं." पण जरा बघा: पाचातून एक गेला चार, आठातून शून्य गेला आठ, सातातून शून्य सात, सहातून दोन चार. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. त्याने लक्ष देऊन, नेटाने, एक चुकीचा नियम पाळला आहे. शून्यातून उसना घ्यायचा म्हणजे पुढच्या घरातलं एक हजार मोडून दहा शतकं करायची, हे त्याला कधी दिसलंच नाही. त्याच्याकडून अशी शंभर उदाहरणं करून घेतली तर तो शंभर वेळा तोच नियम पाळेल. दहाच्या काड्यांचे जुडगे किंवा खेळातल्या नोटा घेऊन दोन संध्याकाळी बसलं, तर ही चूक कायमची जाते. आणि चार पर्यायांत ४८७४ असण्याची शक्यता बरीच असते, कारण पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात. म्हणून उत्तर पर्यायात सापडलं की ते बरोबरच आहे, असं मुलाने मानू नये.

अपूर्णांकांत तर हे जास्तच घडतं. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती? मूल वरचे अंक मिळवतं, खालचे मिळवतं आणि दोन सप्तमांश लिहितं. छेद समान करायची रीत त्याला पुन्हा सांगण्याआधी एक प्रश्न विचारा. बांधीचा तिसरा हिस्सा सकाळी रोवून झाला, दुपारी आणखी चौथा हिस्सा रोवला. मग एकूण रोवणी सकाळच्यापेक्षा कमी कशी होईल? दोन सप्तमांश हे एक तृतीयांशापेक्षा लहान आहे. मूल चमकतं. मग चौकटीच्या कागदावर १२ घरांची बांधी काढा, चार घरं रंगवा, तीन घरं रंगवा. सात झाली. सात बारांश. छेद १२ का घ्यायचा, हे आता त्याला सांगावं लागत नाही.

दशांशात ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणणारी मुलं सातवीतही भेटतात, कारण ४५ पाचापेक्षा मोठे. अशा वेळी ०.५ च्या जागी ०.५० लिहा, पन्नास पैसे आणि पंचेचाळीस पैसे म्हणा.

मराठी घरांत यासाठी एक जुनं साधन पडून आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. कित्येक आजोबांना ती अजून पाठ आहेत. बाराची पाऊणकी नऊ हे ज्याच्या तोंडी आहे, त्याला १२ चे ७५ टक्के काढायला कागद लागत नाही. नुसती घोकून उपयोग नाही, पण अर्थ कळल्यावर पाठ केलेली पाऊणकी शेकडेवारीच्या धड्यात फार कामी येते. नातवाने आजोबांना विचारावं.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. घरात झाडीबोली, तुमसर-मोहाडीकडे कुठे पोवारी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ हिंदी. आणि प्रश्नपत्रिकेत 'अनुक्रमे', 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'किमान', 'निःशेष', 'दरसाल दरशेकडा'. मुलाला भागाकार येतो, पण 'प्रत्येकी' म्हणजे एकेकाला, हे माहीत नसल्यामुळे तो गुणाकार करून मोकळा होतो. गणितात कच्चं म्हणून ज्याच्यावर शिक्का बसतो, ते मूल बरेचदा वाचनात अडलेलं असतं. ओळखायची एक सोपी रीत आहे. शाब्दिक उदाहरण मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि पेन न उचलता आपल्या बोलीत सांगायला सांगा: काय दिलं आहे, काय विचारलं आहे. चौथी शिकलेली आईसुद्धा हे करू शकते. "कसं काढलास, सांग मले," एवढं विचारलं तरी पुरे. सांगता सांगता मूल थांबेल, तिथेच अडचण आहे. जे शब्द अडले ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे. सेमी-इंग्रजीतल्या मुलांनी लसावि, मसावि, परिमिती, छेद या संज्ञा दोन्ही भाषांत ओळखीच्या करून घ्याव्यात.

शाब्दिक उदाहरणांसाठी पुस्तकाबाहेर जायलाही हरकत नाही. हा धानाचा जिल्हा आहे. २७ कट्टे धान, ४० किलोचा कट्टा. २०२४-२५ मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. किती पैसे येतील? घाईतलं मूल २७ गुणिले ४० म्हणजे १,०८० करतं, त्याला २,३०० ने गुणतं आणि २४ लाख ८४ हजार रुपये सांगतं. किलोचे क्विंटल करायचे राहिले. १० क्विंटल ८० किलो, म्हणजे २४,८४० रुपये. इथे रागावू नका. "आपल्याकडे एवढे पैसे येतात का?" एवढंच विचारा. उत्तर लिहिण्याआधी त्याचा अंदाज घ्यायची सवय लागली, तर परीक्षेत दोन पर्याय आपोआप बाद होतात. बांधीची लांबी २४ मीटर आणि रुंदी १५ मीटर; धुऱ्यावरून एक फेरी मारली तर ७८ मीटर चालणं होतं, आणि बांधीचं क्षेत्रफळ ३६० चौरस मीटर. पाय मोकळे करत हे एकदा केलं की परिमिती आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल होत नाही.

वेळेचं गणितही इथलंच धरायला हवं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापणी आणि दिवाळी. या काळात मोठ्यांचं लक्ष शेतात असतं आणि मुलांच्या दांड्याही होतात. परीक्षा आजवर बहुधा फेब्रुवारीत येत आली. म्हणून पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाची नक्कल करण्यापेक्षा उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाढे आणि वजाबाकी-भागाकार पक्के करून घ्यावेत. अपूर्णांक-दशांश दिवाळीआधी व्हावेत, आणि पूर्ण प्रश्नपत्रिका डिसेंबरनंतर आठवड्याला एक, फार तर दोन. रोज पाऊण तास पुरतो. एक पेपर सोडवला की दुसऱ्या दिवशी नवा पेपर घ्यायचा नाही. कालच्या चुका घेऊन बसायचं. प्रत्येक चुकीपुढे लिहायचं: येतच नव्हतं, की येत असून वाचताना चुकलं. पहिल्या प्रकाराला शिकवावं लागतं, दुसऱ्याला सावकाश वाचायची सवय लागते.

परीक्षेच्या तंत्राबद्दल थोडंच सांगतो. दीड तासात ७५ प्रश्न. भाषेचे २५ वीस मिनिटांत झाले तर गणिताच्या एका प्रश्नाला सरासरी ८४ सेकंद मिळतात. सोपे प्रश्न तीस सेकंदांत होतात, म्हणून अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणं शिकवावं लागतं. हुशार मुलांना ते जड जातं. गोल बॉलपेननेच भरायचे असतात, खाडाखोड चालत नाही, आणि एक प्रश्न सोडल्यावर पुढचा गोल एक ओळ वर भरला जाण्याची चूक होते. यासाठी नमुना उत्तरपत्रिकेवर चार-पाच वेळा सराव पुरेसा आहे. आठवीच्या पेपरात आजवर वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळत. १३४, २५२, ३१८, ४२२ यांपैकी सहाने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या कोणत्या? २५२ सापडल्यावर थांबणारं मूल ३१८ गमावतं आणि त्याबरोबर दोन्ही गुण.

आता पैशांविषयी. शिष्यवृत्ती परीक्षेची रक्कम आजवर पाचवीच्या यशाला वर्षाला ५,००० आणि आठवीच्या यशाला ७,५०० रुपये राहिली. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी-मजूर कुटुंबांनी याहून जास्त लक्ष एनएमएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीकडे, द्यावं असं मला मनापासून वाटतं. ही परीक्षा आठवीत होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे ९०; त्यात गणिताचे २० असले तरी बौद्धिक क्षमतेतल्या संख्यामालिका, आकृत्या आणि सांकेतिक प्रश्न अंकांशी सलगी असलेल्या मुलालाच सोपे जातात.

यातली एक अट पालकांना फार उशिरा कळते. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, जिल्हा परिषद-नगर परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. सहावी-सातवीत मुलाला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत हलवलं की हे दार बंद होतं. शाळा बदलायची की नाही हा घरचा निर्णय आहे, पण तो घेताना फीच्या आकड्याशेजारी हे ४८,००० लिहून बघावेत. नवोदय विद्यालयात गेलेल्यांनाही ही शिष्यवृत्ती नाही. अर्थात तिथे राहणं-शिकणं मोफतच आहे. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी २० प्रश्न अंकगणिताचे असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आहेत. वेगळी तयारी करायची गरज नाही, वर सांगितलेलीच तिथे चालते.

यादीत नाव आलं नाही तर? चौथीतल्या मुलासमोर त्या दिवशी "वर्ष वाया गेलं" असं कुणी म्हणू नये, कारण ते खोटं आहे. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा हेच धडे वीस वर्षांच्या वयात पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित म्हणून समोर येतात, रेल्वेत येतात, बँकेत येतात. आयटीआयमध्ये फिटर-टर्नरचं माप घेताना दशांश लागतो. आपल्याकडे पहाटे मैदानावर धावणारी कितीतरी मुलं शारीरिक चाचणीत सरस ठरून लेखीत याच धड्यांवर अडतात. चौथी-सातवीत पक्का झालेला अपूर्णांक त्यांच्या कामी आला असता.

शेवटी कागदपत्रं. आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे अर्ज भरायच्या आधी तपासा. एका वेलांटीवरून पैसे अडतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दिवाळीच्या गर्दीआधी काढा. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. एनएमएमएसमध्ये निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नूतनीकरण चुकलं तर त्या वर्षाचे पैसे जातात, आणि अकरावीत ती चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. नववीत शाळा बदलणार असाल तर नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात या शिष्यवृत्तीचं काम कोणते शिक्षक बघतात ते विचारून घ्या.