बिनमंजुरीचा भूखंड : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

तालुक्याचे गाव, साखर कारखाना किंवा मोठा रस्ता जवळ असलेल्या शेतात चुन्याच्या रेघा आखून एकेक गुंठ्याचे भूखंड विकण्याचा व्यवहार पुष्कळ ठिकाणी आढळून येतो. मुलांच्या शिक्षणासाठी शहरानजीक घर असावे, या इच्छेने अनेक शेतकरी पिकाचा पैसा अशा भूखंडात घालतात. भाव कमी असतो, खरेदीखतही होते. परंतु घर बांधावयास गेल्यावर परवानगी मिळत नाही. असे का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मालकी व बांधकामाचा हक्क

या दोन भिन्न गोष्टी होत. खरेदीखताची नोंदणी म्हणजे दस्त झाल्याची सरकारदप्तरी नोंद. त्या जागेवर घर बांधता येईल, असे ती सांगत नाही. बांधकामाचा हक्क 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालील परवानगीने प्राप्त होतो. परवानगीवाचून केलेले बांधकाम नोटीस देऊन पाडण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणास आहे. शेतजमिनीच्या अकृषिक वापरासंबंधीच्या नियमांत पुढे सुधारणा होऊन ती रीत सोपी झाली आहे. तथापि रेखांकनाच्या मंजुरीची व बांधकाम परवानगीची गरज त्यामुळे संपलेली नाही.

भूखंड स्वस्त का असतो?

समजा, एका मालकाचे 1 एकर, म्हणजे 40 गुंठे शेत आहे. मंजूर रेखांकनात 4,000 चौरस मीटर वा त्याहून अधिक जमिनीपैकी 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. येथे ती 4 गुंठे होईल. रस्त्यांस 10 गुंठे लागले असे धरल्यास विक्रीस 26 गुंठेच उरतात. गटार, पाणी व वीज यांचा खर्च निराळाच. बिनमंजुरीचा विक्रेता मात्र नावापुरता बोळ ठेवून उरलेली सर्व जमीन विकतो. जो रस्ता व जे मैदान आपणांस मिळावयाचे, तेच त्याने दुसऱ्यास विकलेले असते. स्वस्ताईचे मर्म हे आहे.

सामाईक सातबारा

शेतजमिनीचे ठरावीक प्रमाणाहून लहान तुकडे पाडण्यास 1947 च्या अधिनियमाने प्रतिबंध केला. त्यातून वाट काढण्यासाठी पाच-दहा खरेदीदारांची नावे एकाच खरेदीखतात घालण्यात येतात. अशा सातबाऱ्यावरून आपला भूखंड नेमका कोणता, हे कळत नाही. हद्दीचे तंटे उद्भवतात व बँक कर्ज देण्यास कचरते. केवळ नोटरीपुढे केलेल्या करारपत्राने तर मालकीही मिळत नाही.

‘पुढे सर्व नियमित होईल,’ असे दलाल सांगतो. तुकडेबंदीचे नियम वेळोवेळी शिथिल झाले आहेत, हे खरे. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाची मुदतही 2021 मध्ये वाढविण्यात आली. पण ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या विकासापुरती. अशा सवलतीस तारखेची व क्षेत्राची मर्यादा असते. तिच्या भरवशावर नवी खरेदी करू नये; चालू नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

इसार देण्यापूर्वी पाहावयाची कागदपत्रे

1. चालू सातबारा, आठ-अ व फेरफार. सर्व हिस्सेदारांची नावे, बोजा व इतर हक्क वाचावेत. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा आदेश पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

2. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला. जागा रहिवासी विभागात आहे की शेती विभागात, किंवा तीवर रस्त्याचे आरक्षण आहे काय, हे यावरून समजते.

3. मंजूर रेखांकनाचा नकाशा व आदेश. आदेशाचा क्रमांक घेऊन तो देणाऱ्या कार्यालयात स्वतः पडताळावा. विक्रेत्याने दाखविलेली छायाप्रत पुरेशी नाही.

4. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. तो हाती घेऊन हद्दीच्या खुणा जागेवर पाहाव्यात.

5. महारेराचा नोंदणी क्रमांक. 500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीचे आठांहून अधिक भूखंड पाडून विकावयाचे असल्यास 2016 च्या केंद्रीय अधिनियमान्वये विक्रीपूर्वी ही नोंदणी आवश्यक आहे.

शेजारच्या घराची घरपट्टीची पावती अथवा वीजबिल हा परवानगीचा पुरावा नव्हे.

भूखंड पाडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनीही सावध असावे. दलालास सरसकट मुखत्यारपत्र लिहून दिल्यास विक्री तो करतो, परंतु तक्रारीत व दाव्यात मालक म्हणून नाव शेतकऱ्याचे येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्यास वाचता येत नाही त्याच्यासोबत इसारापूर्वी एकवार तहसील व नगररचना कार्यालयात जावे. आधी परवानगी पाहावी, मग पैसा द्यावा. हा क्रम उलटला की वर्षानुवर्षांची मिळकत अडकून पडते.