लाल एन्चिलाडे घरी करताना: काय करावे, काय टाळावे

प्रमाण पाच जणांचे: मक्याच्या 15 टॉर्टिया, ग्वाहियो मिरच्या 10, आन्चो मिरच्या 3, हाडासकट कोंबडी 1 किलो, केसो फ्रेस्को 200 ग्रॅम, क्रेमा 1 कप, मोठे कांदे 3, लसणीच्या 6 पाकळ्या.

काय करावे

*खरेदी*

- चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे, ‘मासा आरीना’ नावाने मिळणारे पीठच आणा. त्याची टॉर्टिया न तुटता गुंडाळली जाते.
- तयार टॉर्टिया घेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. मका, पाणी आणि चुना यांपलीकडे फारसे काही नसावे.
- सुकी मिरची वाकवून पाहा. चांगली वाकते, जुनी कडकन मोडते.
- ग्वाहियो मिळाली नाही तर रंगासाठी बेडगी घ्या, पण नगावर नव्हे, वजनावर. बेडगी आकाराने लहान असते.
- केसो फ्रेस्को नसेल तर ताज्या पनीरला मीठ लावून तासभर वजनाखाली ठेवा आणि हाताने चुरा.
- क्रेमाच्या जागी सावर क्रीम घ्या आणि थोड्या दुधात फेटून सैल करा.
- जेवायला येणाऱ्यांत शाकाहारी किती, मुले किती, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

*टॉर्टिया*

- 2 कप पिठात साधारण दीड कप कोमट पाणी घालून मळा आणि ओल्या कापडाखाली 20 मिनिटे ठेवा.
- एक गोळा तळहाताने दाबून पाहा; कडेला भेगा पडल्या तर पिठाला चमचाभर पाणी आणखी लावा.
- 30 ग्रॅमचा गोळा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून जड, सपाट बुडाच्या भांड्याने दाबा. व्यास 14-15 सेंमी पुरे.
- तवा चांगला तापू द्या. कडा सुटल्या की उलटा, दुसरी बाजू भाजून पुन्हा उलटा.
- भाजलेल्या टॉर्टिया लगोलग जाड कापडात गुंडाळा. आपल्याच वाफेने त्या मऊ राहतात.
- जमल्यास टॉर्टिया आदल्या दिवशी करा. किंचित सुकलेली टॉर्टिया तेल कमी पिते.

*मिरची आणि साल्सा*

- मिरच्या कोरड्या फडक्याने पुसून देठ, बिया आणि शिरा काढा.
- खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, मगच मिरची तव्यावर टाका. ठसका घरभर पोचतो.
- मध्यम आचेवर मिरची उलथन्याने दाबत प्रत्येक बाजूने काही सेकंदच भाजा. वास सुटला की उचला.
- मिरच्या गरम पाण्यात 20 मिनिटे भिजवा आणि वर ताटली दाबून ठेवा; तरंगणारी मिरची भिजत नाही.
- चार पाकळ्या लसूण सालीसकट आणि कांद्याची जाड चकती त्याच तव्यावर ठिपके पडेपर्यंत भाजा.
- मिरच्या, सोललेला लसूण, कांदा, चिमूटभर जिरे, अर्धा चमचा मेक्सिकन ऑरेगॅनो आणि 2 कप गार स्टॉक एकत्र अगदी बारीक वाटा.
- वाटण गाळणीतून चमच्याने दाबून काढा. मिरचीची साल शिजून मऊ होत नाही.
- कढईत 2 चमचे तेल तापवून वाटण एकदम ओता आणि ढवळत 10-15 मिनिटे शिजवा. रंग गडद झाला पाहिजे.
- साल्सा चमच्याच्या पाठीवर पातळसर थर धरेल इतकाच दाट ठेवा; आटला तर स्टॉक घाला.
- मीठ शेवटी, चव घेऊन घाला. स्टॉकमध्ये आधीच असते.

*सारण*

- कोंबडी कांदा, लसूण, तमालपत्र आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवा आणि ते पाणी गाळून ठेवा. साल्साचा स्टॉक तोच.
- मांस कोमट असतानाच हाडांपासून सोडवून हाताने सुटे करा; गार झाल्यावर ते चिवट होते.
- सुट्या केलेल्या मांसात 3-4 चमचे साल्सा कालवा. सारण कोरडे पडत नाही.
- शाकाहाऱ्यांसाठी चुरलेले केसो फ्रेस्को आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा भरा. मेक्सिकोत हे सारण नेहमीचेच आहे.
- शाकाहाऱ्यांचा साल्सा भाज्यांच्या स्टॉकमध्ये, वेगळ्या कढईत करा.

*जुळवणी*

- टॉर्टिया, तेल, साल्सा, सारण आणि ताटे याच क्रमाने ओळीत मांडा, मगच गॅस पेटवा.
- पसरट पॅनमध्ये अर्धा सेंमी तेल घ्या. टॉर्टियाची कड बुडवताच बुडबुडे आले की ते तयार समजा.
- टॉर्टिया प्रत्येक बाजूने 5-6 सेकंद तेलात फिरवा. तेलाच्या या पातळ थरामुळेच ती साल्सात विरघळत नाही.
- तेल निथळू द्या आणि टॉर्टिया लगेच गरम साल्सात दोन्ही बाजूंनी बुडवा.
- मधोमध 2 चमचे सारण ठेवून गुंडाळा आणि तोंड खालच्या बाजूला येईल असे ताटात ठेवा.
- आधी मुलांची ताटे भरा, मग मोठ्यांची. भरले की वाढा.

*वाढताना*

- वर पळीभर गरम साल्सा, त्यावर क्रेमा, मग चुरलेले चीज आणि शेवटी कांद्याच्या पातळ चकत्या, असा क्रम ठेवा.
- ताटे आधी कोमट करून घ्या. गार ताटात साल्सा लगेच थिजतो.
- सोबत शिजवलेले फ्रिहोलेस (राजम्यासारखे कडधान्य), टोमॅटोचा लाल भात, मुळ्याच्या चकत्या आणि बारीक चिरलेले लेट्यूस द्या.
- मेक्सिकोतल्या मोरेलिया शहराच्या धर्तीवर करायचे असतील तर बटाटा आणि गाजराच्या फोडी साल्सा लावून परता आणि वरून घाला.
- ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी चिले दे आर्बोल या तिखट मिरचीचा वेगळा साल्सा वाटीत ठेवा. ग्वाहियो सौम्य असते.

*उरल्यास*

- साल्सा, सारण आणि टॉर्टिया वेगवेगळ्या डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.
- उरलेला साल्सा तीन-चार दिवसांत संपवा किंवा फ्रीझरमध्ये टाका.
- सकाळी उरलेल्या टॉर्टियांचे तुकडे कुरकुरीत तळा, गरम साल्सात घोळवा आणि चिलाकिलेस म्हणून लगेच खा.

काय टाळावे

*खरेदी*

- कॉर्नफ्लोअर किंवा मक्याचे साधे पीठ आणू नका. पहिला नुसता स्टार्च, दुसऱ्याची टॉर्टिया गुंडाळताना मोडते.
- मैद्याच्या टॉर्टिया घेऊ नका; साल्सात त्यांचा चिकट लगदा होतो.
- पिवळे चेडर चीज घेऊ नका. ते टेक्सासच्या पद्धतीचे, मेक्सिकोच्या लाल एन्चिलाड्यांचे नव्हे.
- डबाबंद एन्चिलाडा सॉसवर विसंबू नका. अख्ख्या मिरचीच्या गराची चव त्याला नसते.
- ‘मेक्सिकन मसाला’ लिहिलेली पुडी उचलू नका. या पदार्थाचा मसाला म्हणजे मिरचीच.

*टॉर्टिया*

- मळलेले पीठ उघडे ठेवू नका. पाहता पाहता वाळते.
- भाकरीच्या सवयीने तव्यावरच्या टॉर्टियाला वरून पाणी लावू नका.
- भाजताना तेल-तूप सोडू नका; तवा कोरडाच हवा.
- तवा पुरता तापण्याआधी टॉर्टिया टाकू नका. ती भाजत नाही, नुसती वाळते.
- भाजलेल्या टॉर्टिया ताटात उघड्या पसरू नका. गुंडाळायच्या वेळी तडकतील.

*मिरची आणि साल्सा*

- करपून काळी झालेली मिरची वाटणात घालू नका. एकीने सगळा साल्सा कडू होतो.
- मिरची तव्यावर असताना फोन घेऊ नका.
- मिरची निवडलेला हात डोळ्यांना लावू नका, तान्ह्या मुलाला घेऊ नका. आधी साबणाने हात धुवा.
- भिजवलेले पाणी चाखल्याशिवाय वाटणात ओतू नका. कडवट असेल तर फेकून द्या.
- गरम वाटण मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नका. वाफेने झाकण उडते आणि भाजते.
- गरम मसाला, धणेपूड, हळद यांतले काहीही घालू नका. मिरचीचा वास झाकला जातो.
- पिझ्झासोबत आलेल्या ऑरेगॅनोच्या पुड्या वापरू नका. ही वनस्पतीच वेगळी, मेक्सिकन ऑरेगॅनो नसेल तर ते वगळा.
- केचप घालून गोडी आणू नका. ती आन्चोतून येते.
- मैदा लावून साल्सा दाट करू नका. दाटपणा गराचा आणि आटवण्याचा असावा.
- लाल तिखट टाकून रंग वाढवू नका. रंग कमी वाटला तर साल्सा आणखी शिजवा.

*सारण*

- कोंबडी खळखळा उकळू नका. मांस घट्ट होते आणि स्टॉक गढूळ.
- सारण फोडणी देऊन मसालेदार करू नका. चव साल्साची लागली पाहिजे.
- सारणात पाणी राहू देऊ नका. टॉर्टिया आतून फाटते.
- ठासून भरू नका; दोन चमच्यांपलीकडे गेलात तर तोंड उघडते.
- डुकराची चरबी वापरली असेल तर पाहुण्यांपासून लपवू नका. शंका असेल तर तेलच वापरा.

*जुळवणी*

- टॉर्टिया तेलात कुरकुरीत होऊ देऊ नका. कडक झाली की गुंडाळताना मोडते.
- तेलाची पायरी गाळू नका. कोरडी टॉर्टिया साल्सात पडताच फुटते.
- तेलातून धूर येईपर्यंत वाट पाहू नका. आच कमी-जास्त करत राहा.
- साल्सा लागलेला चिमटा तेलात घालू नका. तेल अंगावर उडते.
- टॉर्टिया साल्सात ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. बुडवा आणि काढा.
- लाल एन्चिलाडे चीजखाली ओव्हनमध्ये भाजू नका. ती रीत ‘सुइसास’ प्रकाराची.
- पाहुणे बसण्याआधी सगळे पंधरा गुंडाळून ठेवू नका. दहा मिनिटांत त्यांचा गिचका होतो.

*वाढताना*

- गार साल्सा वर ओतू नका. खालचा गरम एन्चिलाडाही गार पडतो.
- चीजचा डोंगर करू नका. ते खारटपणापुरते असते.
- लेट्यूस साल्साखाली दाबू नका. कोमेजते, बाजूला किंवा अगदी वर ठेवा.
- क्रेमा फ्रिजमधून काढून थेट वाढू नका. अर्धा तास आधी बाहेर ठेवा.
- एकाच वेळी चार-चार वाढू नका; आधी दोन-तीन, मग गरम गरम आणखी.
- सगळे जेवेपर्यंत एकाच माणसाला गॅसपाशी उभे ठेवू नका. दुसऱ्या फेरीला तेलाचा चिमटा घरातल्या दुसऱ्या मोठ्याने हातात घ्यावा.

*उरल्यास*

- गुंडाळलेले एन्चिलाडे उद्यासाठी ठेवू नका; आजच संपतील इतकेच गुंडाळा.
- तळणीचे तेल साल्साच्या अंशासह पुन्हा वापरायला ठेवू नका. ते लवकर खवट होते.
- सारण वारंवार गरम करू नका; लागेल तेवढेच काढा आणि वाफ येईपर्यंत गरम करा.