लवकर पेन्शन आणि स्वस्त शहर

आपल्या जांब समर्थचा माणूस पुण्या-मुंबईच्या कारखान्यात राबतो. पन्नाशीला थकतो. मनात येते, नोकरी पुरे! सीमेपलीकडे तेलंगणात, निजामाबादेत म्हणे स्वस्ताई आहे. तिथेच राहू. बेत वाईट नाही. पण आधी हिशेब मांडू या.

फंडाची पेन्शन ५८ व्या वर्षी पुरी मिळते. त्याला १० वर्षे नोकरी झालेली हवी. पन्नाशीनंतर ती लवकरही घेता येते. मात्र एक वर्ष आधी घेतली, तर शंभरामागे चार रुपये कमी. म्हणजे ३००० चे २८८० होतात. ही तूट एका महिन्याची नाही, जन्माची आहे.

१ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशात कुठल्याही बँकेत घेता येते. तिला सीमा आडवी येत नाही. पण श्रावणबाळ योजनेची मदत महाराष्ट्रात राहणाऱ्यालाच मिळते.

म्हणून आम्ही सांगतो, खोलीचे भाडे, किराणा, औषधपाणी, गावी येण्याजाण्याचा खर्च कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. बेरीज पेन्शनीत बसली, तर खुशाल जा. नाही बसली, तर थोडे थांबा. अंथरूण पाहून पाय पसरावे.