मेहकरचा आमदार कोण निवडतो?

पैनगंगेच्या काठी मेहकर गाव आहे. तिथल्या शारंगधर बालाजीचे दर्शन आपल्यापैकी पुष्कळांनी घेतले असेल. मेहकर आणि लोणार या तालुक्यांतल्या गावांचा मिळून एक मतदारसंघ होतो. मतदारसंघ म्हणजे काय? जेवढ्या गावांतले लोक मिळून एक आमदार निवडतात, तेवढा मुलूख. बुलढाणा जिल्ह्यात असे सात मतदारसंघ आहेत. आज आपण मेहकरची गोष्ट वाचू.

स्वराज्य आल्यावर पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा आपले वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. आपले आमदार नागपूरला बसत. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्याला जोडले. मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. वाचता येत नसले तरी काम भागे. पण एक अडचण झाली. नावे लिहायला माणसे दारी आली, तेव्हा देशात पुष्कळ बायांनी आपले नावच सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गाळावी लागली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. पण नाव सांगायला लाजणाऱ्या बाया आपल्याकडे नव्हत्या असे थोडेच आहे!

वऱ्हाडात पुष्कळ वर्षे काँग्रेसचा जोर होता. तिचे चिन्ह आधी बैलजोडी, मग गायवासरू, मग हाताचा पंजा. काँग्रेसचे सुबोध सावजी मेहकरचे आमदार होते. १९९५ साली वारे फिरले. शिवसेनेचे प्रतापराव जाधव निवडून आले. १९९९ आणि २००४ सालीही तेच आले. चिन्ह धनुष्यबाण.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे मात्र नीट ध्यान द्या.

२००८ साली मतदारसंघांची नवी आखणी झाली. तोवर बुलढाण्याची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती आणि मेहकरची विधानसभेची जागा खुली होती. नव्या आखणीत उलट झाले. लोकसभेची जागा खुली झाली आणि मेहकर राखीव झाले. म्हणून २००९ साली जाधव लोकसभेला उभे राहिले आणि खासदार झाले. मेहकरला शिवसेनेचे संजय रायमूलकर आमदार झाले.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका मावशींनी विचारले, "गुरुजी, आपलं मेहकर राखीव झालं म्हणते. मंग आता आपल्याले मत नाई काय?" वर्गातले दोघेतिघे हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. कोणीतरी त्यांना असे सांगितले होते, आणि त्या दोन निवडणुका घरीच बसल्या होत्या.

राखीव जागा म्हणजे काय ते समजून घ्या. उभा राहणारा उमेदवार अनुसूचित जातीचा असला पाहिजे, एवढाच तो नियम. मत मात्र सर्वांचे. मराठा, माळी, वंजारी, बौद्ध, मुसलमान, धनगर, कोणीही असो. वय १८ पुरे आणि नाव यादीत, की मत आहे. पूर्वी २१ वर्षे पुरी लागत. १९८९ पासून १८ झाली.

रायमूलकर २०१४ आणि २०१९ सालीही निवडून आले. म्हणजे १९९५ पासून सहा निवडणुकांत मेहकरने धनुष्यबाणालाच कौल दिला. माणूस बदलला, चिन्ह तेच. २०२२ साली शिवसेनेत फूट पडली. २०२३ साली निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल आली. रायमूलकर शिंदे यांच्याकडे होते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. एकीकडे धनुष्यबाण, दुसरीकडे मशाल. नुसते 'शिवसेना' म्हणून आता भागेना. नाव वाचावे लागले, चिन्ह ओळखावे लागले. मशालीचे सिद्धार्थ खरात ४,८१९ मतांनी निवडून आले.

शेजारच्या बुलढाणा मतदारसंघातही हीच दोन चिन्हे समोरासमोर होती. तिथे धनुष्यबाणाचे संजय गायकवाड जिंकले. किती मतांनी? फक्त ८४१. एका बऱ्याशा गावात याहून जास्त मतदार असतात.

आता पेट्या गेल्या, यंत्र आले. यंत्रावर उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असते. बटण दाबले की शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते. ती सात सेकंद दिसते, मग आत पडते. तेवढ्यात वाचून घ्यावी. यादीत नाव नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरावा. नावात चूक असेल तर आठ नंबरचा.

त्या मावशींना आम्ही गावची मतदार यादी दिली. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. मग बोट थांबले. "हे माहं नाव," त्या म्हणाल्या. थोडे थांबून म्हणाल्या, "पण गुरुजी, आडनाव चुकलं हो." आठ नंबरचा अर्ज त्यांनी त्याच रात्री, कंदिलाजवळ बसून, स्वतःच्या हाताने भरला.