लॅबव्ह्यूची तार आणि एक्सेलची चौकट

हिंगोली जिल्ह्यात मोजमापाची दोन टोकं आहेत. एक औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो-इंडिया वेधशाळा तिथे उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दुसरं टोक वसमत-कळमनुरीच्या शिवारात, हळद शिजवायच्या कुकरच्या झाकणाखाली. माझं पोट या दुसऱ्या टोकावर चालतं. कुकर, ड्रायर, गोदाम अशा ठिकाणी तापमानाचे आणि आर्द्रतेचे सेन्सर बसवायचे, लॅबव्ह्यूत प्रोग्राम बांधायचा आणि मालकाला रोजचा अहवाल एक्सेलमध्ये द्यायचा, असा हा धंदा.

लॅबव्ह्यू हे अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं १९८६ सालचं अपत्य. यात प्रोग्राम लिहीत नाहीत, काढतात. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे, की आकडे त्या तारांतून वाहू लागतात. एक्सेल तर काय, अडत दुकानातल्या मुनिमालाही येतं. या दोघांची गाठ घालणं वरवर सोपं दिसतं. खरी डोकेदुखी तिथेच असते, म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. आधी वही मागा.
कुठेही गेलो की मी पहिल्यांदा मुनीमजींची जुनी वही बघायला मागतो. मालकाला फार काही नको असतं. लॉट कोणता, माल किती भरला, वाफ कधी सोडली, कधी बंद केली आणि हळकुंड नीट शिजलं का. परगावच्या खरेदीदाराच्या माणसाला मात्र दर मिनिटाचं तापमान आणि त्याचा आलेख हवा असतो. दोघांचं एकाच शीटमध्ये कोंबलं की दोघंही वाचत नाहीत. वहीतले रकाने ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पहिलं शीट करायचं आणि बाकीचं मागच्या शीटवर टाकायचं. प्रोग्रामची पहिली तार ओढायच्या आधी एक्सेलचा हा कोरा साचा तयार पाहिजे.

२. एक्सेल हे कोठार नव्हे.
सगळ्यात जास्त वाद माझे यावर झालेत. "सगळा डेटा एक्सेलमध्येच भरा ना," असं प्रत्येक जण म्हणतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. आकडा मोठा वाटतो. पण आधीपासून चालू असलेल्या लायगो वेधशाळांच्या मुख्य चॅनेलवर सेकंदाला १६,३८४ नोंदी होतात. भागाकार करून बघा, बरोबर ६४ सेकंदांत शीट भरतं! तिथे आरशांचं नियंत्रण करणारे प्रोग्रामही सिम्युलिंक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन आणि रेघा जोडूनच रेखाटतात, पण जगासाठी खुला केलेला डेटा मिळतो तो एचडीएफ-५ या खास मोठ्या डेटासाठीच्या फाइलींत.

आपल्या कुकरला सेकंदाला एक नोंद पुरते, म्हणून आपलं शीट बारा दिवस पुरेल. पण हंगाम बारा दिवसांचा नसतो. शिवाय ओळी संपल्यावर काय होतं ते इंग्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये पाहिलं. तिथल्या आरोग्य यंत्रणेने कोरोनाचे निकाल जुन्या एक्सएलएस फाइलीतून पुढे पाठवले. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींची मर्यादा, आणि १५,८४१ रुग्ण मोजणीतून बाहेर राहिले. ते सापडेपर्यंत त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही रखडला.

म्हणून माझी पद्धत अशी. मूळ नोंदी लॅबव्ह्यूच्या टीडीएमएस फाइलीत, रोजची फाइल वेगळी, तिला कुणी हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये जातो तो फक्त सारांश. कुणी शंका काढलीच तर टीडीएमएस फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडणारं ॲड-इन फुकट मिळतं. अहवालावर वाद झाला तर मूळ फाइल काढून दाखवता येते, आणि खरेदीदारासमोर मालकाला याची किंमत कळते.

३. घड्याळाची सुरुवात कुठून, ते विचारा.
लॅबव्ह्यू वेळ मोजतं १ जानेवारी १९०४ पासून, सेकंदांत आणि तेही जागतिक प्रमाणवेळेने. एक्सेल दिवस मोजतं आणि त्याचा पहिला दिवस १ जानेवारी १९००. लायगोवाले जीपीएसची वेळ वापरतात, ती ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली, तो क्षण त्यांच्या नोंदीत ११२६२५९४६२ असा आहे. ज्याचा त्याचा शक वेगळा.

लॅबव्ह्यूचे नुसते सेकंद एक्सेलच्या घरात पडले तर तिथे दहा आकडी संख्या दिसते आणि मालक म्हणतो, "हे काय फोन नंबर आलेत?" उपाय एका ओळीचा आहे. सेकंदांना ८६,४०० ने भागा, त्यात १,४६२ मिळवा आणि आपले साडेपाच तास म्हणून ५.५ भागिले २४ मिळवा. मग त्या घराला तारीख-वेळेचं रूप द्या.

साडेपाच तासांचा तुकडा राहिला तर चूक पटकन लक्षात येत नाही, कारण तारीख दिसायला ठीकच दिसते. पण हळद शिजवायचं काम रात्रभर चालतं. पहाटे पाचला उतरवलेला लॉट आदल्या तारखेच्या रात्री साडेअकराचा दिसतो, आणि मजुरीचा हिशेब तारखेवर असतो! एका ठिकाणी दुसऱ्याच कुणी बसवलेल्या यंत्रणेत हेच झालेलं मी पाहिलं. भांडण मिटवायला टोळीच्या मुकादमाची चिठ्ठी उपयोगी पडली, संगणक नाही.

याच्याच जोडीला तारखेची उलटापालट. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०३ ला एक्सेल ३ मे समजतं आणि १३/०३ ला तारीखच समजत नाही, मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणून सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलीत तारीख लिहायचीच तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

४. मोजणाऱ्याला लिहायला बसवू नका.
लॅबव्ह्यू ॲक्टिव्हएक्सच्या मार्गाने चालू एक्सेलला हुकूम सोडू शकतं. लॅबव्ह्यूचं रिपोर्ट जनरेशन टूलकिट आतून हेच करतं. पण सेन्सर वाचणाऱ्या लूपमध्येच एक्सेलची तार जोडली की एक्सेल अडखळल्यावर मोजणीही अडखळते. कुणी तरी फाइल उघडून चहाला गेलं, की संपलंच. दोन लूप ठेवा. एक मोजेल आणि आकडे रांगेत टाकेल, दुसरा रांगेतून उचलून सवडीने लिहील. एकेक घर भरू नका, पूर्ण तक्ता एका दमात टाका, वेळेतला फरक डोळ्यांना दिसतो. आणि काम झालं की उघडलेला प्रत्येक रेफरन्स बंद करा. नाही तर पडद्यावर न दिसणारं एक्सेल मागे चालू राहतं, टास्क मॅनेजर उघडल्यावरच त्याचा पत्ता लागतो.

५. लॉटला अक्षर लावा.
लॉट क्रमांक १२-५ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करतं. मूळ आकडा मग परत मिळत नाही. हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. मार्च१, सेप्ट१ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांचीही एक्सेल तारखा करत असे. शेवटी नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नियम बदलले आणि २०२० मध्ये ते जाहीर केले. मार्च१ चं मार्चएफ१ झालं. तेव्हा एक्सेल बदललं नाही, माणसाची जनुकं बदलली! (नावाने, अर्थात.) आपण एवढं मनावर न घेता लॉटच्या पुढे गावाचं आद्याक्षर लावावं.

६. मराठी मथळे साच्यातच.
मुनीमजींना 'टेम्परेचर मॅक्स' नको, 'सर्वांत जास्त तापमान' हवं. बरोबरच आहे. पण लॅबव्ह्यूला देवनागरी नीट पेलत नाही, मजकूर तारेतून गेला की प्रश्नचिन्हं उमटतात. त्यामुळे मराठी मथळे एक्सेलच्या साच्यात आधीच टाइप करून ठेवायचे आणि लॅबव्ह्यूने खाली फक्त आकडे भरायचे.

७. शून्य आणि रिकामं घर एक नव्हे.
तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार उंदराने कुरतडली तर त्या वेळेचं घर रिकामं ठेवा. शून्य भरलं तर एक्सेल ते सरासरीत मोजतं, रिकामं घर वगळतं. ९५ अंशांवर शिजलेला लॉट कागदावर ६० अंशांचा दिसला तर तो कच्चा ठरतो.

८. वीज जाणारच.
दर मिनिटाला फाइल जतन करा. यापेक्षा जास्त सांगायची गरज हिंगोलीत तरी नाही.

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या मुलांना एक सांगणं. लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती २०२० पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे आणि ती आर्डुइनोलाही जोडता येते. स्वस्तातला एक तापमान सेन्सर घ्या, घरच्या किंवा शेजारच्या कुकरला लावा आणि या हंगामात एका लॉटचा अहवाल एक्सेलमध्ये काढून बघा. पैसे घेऊन काम करायला लागाल तेव्हा मात्र रीतसर परवाना विकत घ्या.